आम्ल जमिनीला जिप्सम नको, चुना हवा: डोंगरावरच्या बटाटा शेतकऱ्याचे खुले पत्र

प्रति,
राज्यातील माती परीक्षण, खतांच्या शिफारशी आणि भूसुधार योजनांचे काम पाहणारे अधिकारी व शास्त्रज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या रब्बी नियोजनाच्या बैठकीत आमच्या गटाने एकच मागणी लेखी दिली होती. बटाट्याच्या लावणीआधी शेतीचुना किंवा डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी) अनुदानावर मिळावा, एवढीच. उत्तर आले की चुना कुठल्याच योजनेत बसत नाही. भूसुधारक हवाच असेल तर जिप्समसाठी नावे द्या. समोर टेबलावर आमची जमीन आरोग्य पत्रिका होती आणि तिच्यावर सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा सातापेक्षा जितका कमी तितकी जमीन आम्ल) लिहिला होता ४.८. जिप्समने, म्हणजे कॅल्शियम-गंधकाच्या खनिजाने, आम्ल जमिनीचा सामू वाढत नाही, हे कृषी पदवीला शिकवतात. तरीही ते उत्तर कागदावर उतरले आणि त्याखाली सही झाली. हे मला मुकाट्याने मान्य करता येत नाही. म्हणून आपल्याला लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावे म्हणून जाहीरपणे लिहिते आहे.

मी महाबळेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत शेती करते. जमीन उताराची आहे, ताली घालून अडवलेली. पावसाळ्यात वरच्या वरकसात (उताराच्या हलक्या जमिनीत) नाचणी, खालच्या खाचरात भात, आणि पाऊस ओसरला की पाण्याच्या सोयीच्या तालींवर बटाटा. ज्यांच्याकडे ठिबक आणि भांडवल आहे ते स्ट्रॉबेरीकडे वळले. आमच्यासारख्यांना बटाटाच परवडतो, कारण घरच्या माणसांच्या कष्टावर तो निघतो आणि चार दिवस ठेवून विकता येतो. बेणे जालंधरकडून आलेले, व्यापाऱ्याकडून उधारीवर घेतलेले असते. खर्चातला सगळ्यात मोठा आकडा बेण्याचाच. त्यावर शेणखत, रासायनिक खत, फवारणी. एवढे करून झाड गुडघ्याच्या वर जात नाही, पाने काळपट होऊन कडांना जांभळी झाक मारतात, पुढे खालची पाने शिरांच्या मधून पिवळी पडतात आणि काढणीला निम्मी बारीक गोल्टी निघते, तेव्हा दोष बेण्याचा आहे की पाण्याचा, हे आम्ही एकमेकांना विचारत बसतो. दोष जमिनीच्या आम्लतेचा आहे, हे पत्रिकेवर छापून आले आहे. तिच्यावर काय करायचे, ते मात्र कुठेच छापलेले नाही.

आमचा डोंगर राज्याच्या हिशोबात कसा सुटतो, ते आधी सांगते. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे आणि माण-खटावही आहे. खडक दोन्हीकडे तोच, दख्खनचा काळा बेसॉल्ट. पण आमच्याकडे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि माणला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तिकडे चुन्याचे खडे जमिनीत साठून राहतात, सामू आठाकडे झुकतो. इकडे हजारो वर्षांच्या पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅश) धुऊन नेले आणि मागे लोह व ॲल्युमिनियम ठेवले. तोच आमचा जांभा आणि तीच आमची तांबडी माती. राज्याची भूसुधाराची सगळी भाषा मात्र पूर्वेकडच्या जमिनीवर घडलेली आहे. क्षारपड, चोपण (सोडियम साचून घट्ट झालेली जमीन), चर खोदून निचरा, जिप्सम. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात त्याची गरज आहे आणि तिथल्या शेतकऱ्यांना ते मिळालेच पाहिजे. पण जिल्ह्यासाठी एकच साचा केला की त्यात आमची जमीन बसत नाही, आणि बसत नाही म्हणून ती गाळली जाते. पश्चिम घाट हा राज्याच्या नऊ कृषी-हवामान विभागांपैकी एक स्वतंत्र विभाग आपणच ठरवलेला आहे. मग त्या विभागाच्या जमिनीचा मुख्य दोष योजनेत का नाही?

सामूचे माप दशपटीचे आहे, हे आपल्याला सांगायला नको. हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. ५.८ आणि ४.८ यांत एका अंकाचा फरक दिसतो, पण ४.८ ची जमीन दहापट आम्ल असते. आणि पाचाच्या खाली केवळ आंबटपणाचा प्रश्न राहत नाही. मातीत एरवी गप्प बसलेले ॲल्युमिनियम विरघळायला लागते. ते मुळांच्या टोकांना मारते. मुळे आखूड, जाड, तपकिरी होतात, फुटवे धरत नाहीत. बटाट्याची मुळे मुळातच वरच्या थरात राहणारी. ती अशी खुंटली की पाऊस गेल्यावर पंधरा दिवसांतच झाड पाण्याला हपापते, आणि शेजारी ओल असूनही ती ओढून घेता येत नाही. दुसरीकडे आपण घातलेला स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतो आणि त्याचा मोठा भाग त्या हंगामात पिकाच्या हाती लागत नाही. वाढलेल्या ताटासमोर हात बांधून बसवावे, तशी ही गत आहे. डीएपी या स्फुरदाच्या खताची ५० किलोची गोणी १३५० रुपयांना आणून मातीत घालायची आणि तिच्यातला बराच स्फुरद मातीलाच द्यायचा, असा व्यवहार आमच्या डोंगरावर दर हंगामाला होतो.

“बटाट्याला आम्ल जमीन चालते” हे वाक्य मला बैठकीत ऐकवले गेले. ते अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. बटाटा इतर भाज्यांपेक्षा जास्त आम्लता सोसतो. सामू सव्वापाचाच्या खाली असला की स्कॅब, म्हणजे सालीवर खपल्या धरणारा रोग, कमी येतो. त्यामुळे बटाट्याच्या शेतात चुना भरमसाट टाकू नये, हा सल्ला जगभर देतात आणि तो योग्यच आहे. पण सोसण्यालाही हद्द असते. सव्वापाच ते साडेपाचच्या दरम्यान बटाटा सुखाने वाढतो, ४.८ वर, ४.६ वर तो तग धरतो, उत्पन्न देत नाही. आम्ही जमीन सात सामूवर न्या असे म्हणतच नाही. तसे केले तर स्कॅब वाढेल, जस्त-बोरॉन-मँगेनीज मिळेनासे होईल, हे आम्हांलाही कळते. आम्हांला अर्धा-पाऊण अंक वर यायचे आहे. आणि ते किती चुन्याने, कोणत्या पिकाच्या वेळी करायचे, हे अंदाजाने ठरवण्याची पाळी आमच्यावर येऊ नये. फेरपालटात बटाटा काढून झाल्यावर घेवडा-वाटाण्याच्या आधी मुख्य मात्रा द्यायची, की बटाट्याच्याच सरीत थोडी थोडी? शास्त्र या प्रश्नाची उत्तरे देते. आमच्या जमिनीवर ती तपासून आम्हांला कोणी दिलेली नाहीत.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी. जमीन आरोग्य पत्रिका योजना २०१५ साली सुरू झाली. पत्रिकेवर बारा घटक तपासून येतात आणि सर्वसाधारण शिफारशींत सेंद्रिय खत, जैविक खत यांच्याबरोबर ‘चुना/जिप्सम’ अशी एक ओळ छापलेली असते. म्हणजे ज्यांनी पत्रिका आखली त्यांच्या मनात आम्ल जमीन होती. आमच्या वाडीत आलेल्या पत्रिकांवर त्या ओळीपुढे काही लिहिलेले नाही. सामू ४.८, शेजारचा ५.१, पलीकडचा ४.७, आणि तिन्ही ओळी कोऱ्या. कोऱ्या का, तर चुन्याची गरज नुसत्या सामूवरून काढता येत नाही. त्यासाठी बफर द्रावणात, म्हणजे स्वतःचा सामू सहज न बदलू देणाऱ्या द्रावणात, मातीचा सामू पुन्हा मोजावा लागतो, कारण एकाच सामूच्या दोन जमिनींना वेगवेगळा चुना लागतो. ज्या मातीत सेंद्रिय पदार्थ आणि चिकण जास्त, तिच्यात आम्लता दडलेली जास्त. तिला जास्त चुना. आमच्या जंगलकडेच्या काळसर तांबड्या मातीला आणि उघड्या माळावरच्या रेताड मातीला एकच मात्रा देणे चूक ठरेल. ही चाचणी गेल्या शतकातली आहे, साधी आहे, सामू मोजण्याचे यंत्र ज्या प्रयोगशाळेत आहे तिथे द्रावण बनवले की होते. ज्या प्रयोगशाळेत आमचे नमुने गेले तिथे ती होत नाही, कारण तिथे आलेल्या बहुतेक मातीला तिची गरज नसते. आम्हांला आहे.

दुसरी तक्रार स्फुरदाची. उदासीन आणि विम्ल (सामू सातावर असलेल्या) जमिनीत स्फुरद ओल्सेनच्या पद्धतीने मोजतात, आम्ल जमिनीत ब्रेच्या पद्धतीने. हे नियमपुस्तिकांत लिहिलेले आहे. आमचे नमुने सरसकट ओल्सेनने तपासले, असे चौकशीअंती कळले. म्हणजे पत्रिकेवरचा स्फुरदाचा आकडा ज्या पद्धतीने काढला ती आमच्या मातीची पद्धत नव्हे, आणि त्या आकड्यावरून खताची मात्रा सांगितली जाते. त्या मात्रेवर विश्वास ठेवून आम्ही पैसे खर्च करतो.

तिसरी. कोरडवाहू भागात दहा हेक्टरला एक आणि बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना, असे योजनेचे जाळे आहे. सपाट मुलखात ते चालत असेल. डोंगरात दहा हेक्टरात वर सडा, म्हणजे उघडा कातळ, असतो, मध्ये ताली, खाली खाचर आणि कडेला ओढा. आमच्या खाचरात वरून धुऊन आलेले सगळे साचते, तिथला सामू ५.६ लागला, त्याच्या वरच्या तिसऱ्या तालीवर ४.८. चालत दहा मिनिटांचे अंतर. एका नमुन्याने दोघांचे निदान कसे होणार?

चौथी खतांच्या किमतीची आहे, आणि ती केवळ आमच्या तालुक्याची नाही. युरियाची ४५ किलोची गोणी साधारण २६६ रुपयांना मिळते, कारण सरकार तिचा मोठा भार उचलते. त्याबद्दल शेतकरी म्हणून मी कृतज्ञ आहे. पण युरिया मातीत जाऊन नायट्रेट होताना आम्लता सोडतो. खतशास्त्राच्या हिशोबाने एका गोणीची आम्लता मारायला ३६ किलोच्या आसपास शुद्ध चुनखडी लागते. अमोनियम सल्फेट तर त्याहून तिखट. त्याच्या ५० किलोला ५५ किलो चुनखडी. देशावरच्या चुनखडीच्या जमिनी ही आम्लता सहज पचवतात. आमच्याकडे पचवायला काही शिल्लक नाही, ती साचत जाते. जमीन आम्ल करणाऱ्या खताला अनुदान आहे आणि ती आम्लता उतरवणाऱ्या चुन्याला आमच्याकडे एक रुपयाही नाही. हा हिशोब कोणीतरी एका टेबलावर बसून एकत्र मांडायला हवा होता.

पाचवी तक्रार वेळेची आणि वाटेची. चुना जमिनीत मिसळून ओलीत काही आठवडे राहिला तरच काम करतो. जूनमध्ये टाकला तर धुवांधार पावसात उतारावरून वाहून जाण्याची भीती, जानेवारीत मिळाला तर बटाटा उभा असतो. आम्हांला तो पाऊस मंदावताना, लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी हवा. योजनेतले साहित्य आर्थिक वर्ष संपताना हाती पडते, हा अनुभव एकट्या आमचा नाही. आणि चुनखडी मुळात स्वस्त असली तरी ती पसरणीचा किंवा केळघरचा घाट चढून येते. गाडीभाडे मालाच्या वर जाते. पुढे रस्ता संपतो आणि गोणी डोक्यावर येते. डोक्यावर म्हणजे बहुतेक वेळा बाईच्या डोक्यावर. ५० किलोची गोणी घेऊन ताली उतरणे हे काम कोणत्या शिफारशीत धरलेले नसते. बाजारात जो मिळतो तो घराला लावायचा कळीचा चुना. त्याने हात भाजतात आणि मात्रा चुकली तर बेण्याचे कोंबही. शेतीचुना म्हणून कधी कुठे मिळालाच तर गोणीवर त्याची आम्लता मारण्याची शक्ती किती, तो किती बारीक दळलेला आहे, याचा पत्ता नसतो. जाडाभरडा दगडाचा चुरा जमिनीत वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो.

साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) वापरा, असाही सल्ला मिळाला. चुन्याने भरलेली प्रेसमड कार्बोनेशन पद्धतीच्या कारखान्यांतून निघते. आपल्याकडचे कारखाने बहुतेक सल्फिटेशन पद्धतीचे आहेत. त्यांची प्रेसमड सेंद्रिय खत म्हणून चांगली आहे, आम्ही आनंदाने वापरू, पण तिच्याकडून चुन्याचे काम होणार नाही. राखेचेही तसेच. आमच्या वाडवडिलांनी राब भाजून राख मातीत घातली, तिने आम्लता काही प्रमाणात उतरायची. आज तेवढा पालापाचोळा तोडावा असे आम्हांलाही वाटत नाही. हा डोंगर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि जंगल राहिले तरच आमचे झरे राहतील.

हे सगळे अशक्य कोटीतले नाही. केरळात शेतकऱ्याला चुना आणि डोलोमाइट कृषी भवनातून, म्हणजे तिथल्या स्थानिक कृषी कार्यालयातून, अनुदानावर मिळतो; तिथे आम्ल जमीन ही शेतीची पहिली गोष्ट म्हणून धरली जाते. ईशान्येकडच्या आणि झारखंडच्या आम्ल जमिनींवर देशाच्या कृषी संशोधन यंत्रणेनेच वर्षानुवर्षे काम केले आणि पूर्ण शेतात टनावारी चुना पसरण्याऐवजी दर पिकाला हेक्टरी २ ते ४ क्विंटल चुना सरीत द्यावा, अशी शिफारस केली. एकराला हिशोब केला तर ८० ते १६० किलो. गरीब शेतकऱ्याच्या आवाक्यातली ही मात्रा आहे. ती आमच्या जांभ्यावर, आमच्या पावसात, बटाट्याला किती आणि कशी लागू पडते, एवढेच तपासायचे आहे. महाबळेश्वरला गव्हाच्या गेरव्याचे संशोधन केंद्र आहे, इगतपुरीला घाट विभागाचे केंद्र आहे. सुरुवात कोऱ्या जागेवरून करावी लागणार नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

ज्या नमुन्याचा सामू ५.५ च्या खाली लागेल, त्याची चुन्याची गरज बफर पद्धतीने काढावी आणि पत्रिकेवरची ती ओळ किलोत भरून द्यावी. अशा नमुन्यांचा स्फुरद ब्रेच्या पद्धतीने तपासावा.

घाटमाथ्याच्या तालुक्यांत नमुन्याचे जाळे वेगळे आखावे. सडा, ताली आणि खाचर यांचे नमुने एकत्र करू नयेत.

शेतीचुना आणि डोलोमाइट यांना भूसुधारक म्हणून जिप्समच्या बरोबरीने योजनेत घ्यावे. पाने शिरांमधून पिवळी पडतात तिथे मॅग्नेशियमही कमी आहे, म्हणून डोलोमाइटचा आग्रह. अनुदानात वाहतूक धरावी, कारण आमच्याकडे खर्च तिथेच आहे. गोण्या २५ किलोच्या असाव्यात आणि प्रत्येक गोणीवर आम्लता मारण्याची शक्ती व बारीकपणा छापलेला असावा.

माल सप्टेंबरअखेर गावात पोचावा. मार्चमध्ये पोचलेला माल आम्ही उतरवून घेऊ, पण त्याला त्या वर्षीचे वाटप म्हणू नये.

शेतकऱ्यांच्या शेतावर, वेगवेगळ्या सामूच्या तालींवर, किमान तीन हंगाम चाचणी प्लॉट घ्यावेत. उत्पन्नाबरोबर स्कॅब किती आला तेही मोजावे आणि निकाल, चांगला असो वाईट असो, मराठीत गावात वाचून दाखवावा. माझी एक ताल मी त्यासाठी द्यायला तयार आहे. गटातले आणखी काहीजणही देतील.

आणि जिप्समचे ते लेखी उत्तर मागे घ्यावे. जिप्सममधून कॅल्शियम-गंधक मिळते, त्याच्याशी आमचे वैर नाही. पण आम्ल जमिनीचा उपाय म्हणून ते नोंदीत राहिले, तर पुढच्या वर्षी कोणीतरी तोच कागद दाखवून आमची मागणी पुन्हा परत पाठवेल.

बटाट्याची लावण ऑक्टोबरात सुरू होते. यंदा चुना मिळणार नाही हे आम्ही धरून चाललो आहोत. पण चाचणीसाठी नमुने पुन्हा घ्यायचे असतील तर ते लावणीआधीच, खत पडायच्या आत घ्यावे लागतील. म्हणून घटस्थापनेपर्यंत आपले लेखी उत्तर यावे, आणि त्यात कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या तारखेपासून बफर चाचणी सुरू होते ते स्पष्ट लिहिलेले असावे, ही विनंती.

आपली,
महाबळेश्वर तालुक्यातील एक बटाटा उत्पादक शेतकरी
(वाडीतील शेतकरी गटाच्या वतीने)